वाढत जाणारं तेल

आमच्या गाडीचं तेल वाढत होतं. कमी होत असतं तर मी घाबरले नसते. जुन्या गाडीचं तेल कमी होतंच, कुठून गळतं, कुठं जळतं. पण इंजिनात तेल आपोआप वाढल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं, आणि हे कुणाला सांगावं तेही मला कळत नव्हतं.

गाडी माझीच म्हणायला हरकत नाही, कारण घरात लायसन फक्त माझ्याकडे आहे. बाबा तिरोड्याला कामाला असतात, आठवड्यातून एकदा येतात. त्यांनीच ही पांढरी, जुनी, छोटी गाडी सात महिन्यांपूर्वी नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पलीकडच्या गावातून घेतली होती. तिथला एक ड्रायव्हर ही गाडी भाड्यानं चालवायचा, आजारी माणसं, नवरी-नवरदेव, सगळ्यांना न्यायचा. मागच्या वर्षी तो तापानं गेला. त्याच्या बायकोनं गाडी विकली. बाबांनी घरी आणल्या आणल्या पुढचं लिंबू-मिरची तोडून फेकलं. आमच्या घरी बुद्धवंदना होते, असल्या गोष्टी मानत नाहीत. मीही मानत नाही. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून तसं वाटणार नाही.

आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली. गोंदियाला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्यामुळे घरच्यांना वाटतं, मला सगळं येतं. आईचा मोबाईल बंद पडला की माझ्याकडे, शेजारच्या काकूच्या गुडघ्याचा एक्स-रे आला की तोही माझ्याकडे. मी प्रत्येक वेळी "बघते" म्हणते आणि मनात घाबरते.

धानकापणी संपली तेव्हा परीक्षा आटोपून मी घरी आले. ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. नववा महिना लागला होता आणि बाळ आडवं होतं. गोंदियाच्या डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं: कळा सुरू झाल्या की थांबायचं नाही, तासाभरात इथं पोचायचं. रुग्णवाहिका बोलावता आली असती, पण आमचं गाव रस्त्यापासून आत, तिला यायलाच तेवढा वेळ लागला असता. म्हणून ठरलं की मी घरीच राहायचं आणि गाडी तयार ठेवायची. ताईला नेणं हे एकच काम माझ्यावर होतं.

आमच्या गल्लीत गाडी शिरत नाही. ती गल्लीच्या टोकाला, खळ्याजवळ तनसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगाच्या आडोशाला उभी असते. मी रोज सकाळी जाऊन बॉनेट उघडायची, पट्टी काढून तेल बघायची. त्या पट्टीवर दोन खुणा असतात, तेल त्यांच्या मधे हवं. पहिल्या दिवशी ते वरच्या खुणेच्याही वर होतं. वाटलं, बाबांनी जास्त टाकलं असेल. फोन केला तर ते म्हणाले, "मी तं हातच नाही लावला."

पुढच्या शुक्रवारी तेल आणखी बोटभर चढलेलं. त्याच्या पुढच्या शुक्रवारी पुन्हा. मी वहीच्या मागच्या पानावर रेघा मारून ठेवल्या होत्या, म्हणून भास म्हणता येईना. बाकीचे सहा दिवस काही होत नव्हतं. फक्त गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, गाव रिकामं झाल्यावर ते वाढत होतं. आमच्याकडे एक काळं कुत्रं आहे. ते खळ्यावरच झोपतं आणि अनोळखी माणसाला गल्लीत पाय ठेवू देत नाही. गुरुवारी ते एकदाही भुंकलं नव्हतं.

आमगावच्या मिस्त्रीला फोन केला. तो हिंदीतच बोलतो.

"तेल बढ़ रहा है?" तो हसायला लागला. "अरे वाह! ऐसी एक गाड़ी मेरे यहाँ भी भेज दे, दुकान बंद करके घर बैठूँगा."

"भैया, मजाक नहीं कर रही."

"अच्छा सूँघ के देख. पेट्रोल की बास आ रही है?"

मी पट्टी नाकाशी नेली. पेट्रोलचा वास नव्हता. होता तो स्वयंपाकघराचा. आईनं चटणीला फोडणी द्यायला घेतल्यावर घरात पसरतो तसा, जवसाच्या तेलाचा.

"जुकाम हुआ होगा तेरे को," मिस्त्री म्हणाला. "गाड़ी लेके आ जा, देखते हैं."

मी इंजिनावरचं तेलाचं झाकण उलटं करून बघितलं. आतल्या बाजूला तपकिरी, चिकट साय धरली होती. नखानं ओढली तर पातळ कातडीसारखी निघाली. तिथं, तनसाच्या ढिगापाशी, भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला, आणि तो भुताच्या भीतीनं नव्हता. मला ते ओळखू आलं होतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही वेगवेगळी तेलं तपासली होती. जवसाचं तेल हवेत वाळतं, घट्ट होतं, त्याची पापडी बनते. म्हणूनच तर गावात बैलबंडीच्या लाकडाला आणि दाराला ते चोपडतात. असलं तेल तापलेल्या इंजिनात फिरलं तर बारीक नळ्या बुजतील, आणि मग इंजिन जाम. कधी ते सांगता येणार नाही. खळ्यावरही होईल, किंवा ताई मागच्या सीटवर असताना, रस्त्याच्या मधोमध.

पण हे माझं एकटीचं अनुमान होतं. पुस्तकातलं. मी आयुष्यात कधी नट खोलला नव्हता.

संध्याकाळी बाबांना फोनवर सगळं सांगितलं. 

"कोन टाकून राहिला?"

"माहीत नाही."

"मिस्त्रीकडे ने. तू हात नको लावू. उघडून ठेवली आन् बसली नाही तं पोरीले काय खांद्यावर नेशील?"

"पण आमगावपर्यंत चालवताना जाम झाली तर?"

"आन् तुह्या हातानं बिघडली तं?"

दोन्ही खरं होतं. रात्री ताई आडवी पडून माझ्याकडे बघत होती. तिला कुशीवर वळायलाही कष्ट पडायचे, पण जीभ नेहमीसारखीच चालायची.

"काऊन वं, तोंड एवढंसं झालं? गाडीले दिवस गेले का माह्यासारखे? तिचंही वाढूनच राहिलं म्हनते."

"हसू नको ताई."

"मग का करू? तू एक काय ते ठरव लवकर. तो आतला थांबनार नाही तुह्यासाठी."

मी तीन दिवस ठरवत राहिले. आमगावहून तेलाचा डबा आणि फिल्टर आणून ठेवला, तरी ठरत नव्हतं. मोबाईलवर तेल बदलण्याचे व्हिडिओ इतक्या वेळा बघितले की ती माणसं बोलायच्या आधी मला त्यांचं पुढचं वाक्य यायचं. त्यातल्या सगळ्यांकडे गाडी वर उचलायचं साधन होतं. आमच्याकडे नव्हतं. शेवटी गुरुवारी सकाळी पट्टी काढली तर तिच्यावर ती साय आली होती, दुधावर येते तशी. तेव्हा मी ठरवलं. खरं म्हणजे ठरवलं नाही, पाना शोधायला उठले, एवढंच.

खळ्याच्या पलीकडे बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी न्यायचा पाट आहे. कापणीनंतर तो कोरडा असतो, गुडघाभर खोल. गाडी थोडा वेळ चालू ठेवून तेल गरम केलं आणि हळूहळू पाटावर नेली, दोन चाकं इकडे, दोन तिकडे. चाकांना दगड लावले. बाबांची जुनी पँट आणि शर्ट घातला, घमेलं घेतलं आणि पाटात उतरून गाडीखाली आडवी झाले. फक्त गुडघ्यापासून पाय बाहेर होते.

दुपारचा दीड वाजला असेल. गाव बाजाराला गेलं होतं. आई ताईजवळ घरी होती. कापलेल्या बांध्यांमधून एक आवाज नव्हता, पाखराचाही नाही. मी नटावर पाना लावला आणि ओढला. हलला नाही. पुन्हा ओढला. तिसऱ्यांदा दोन्ही हातांनी लोंबकळले तेव्हा तो कर्र करून सुटला. तेल काळं, गरम, मनगटावरून कोपरापर्यंत आलं. धार घमेल्यात पडू लागली. मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले.

तेव्हा पाय दिसले.

गाडीच्या पुढच्या बाजूला, पाटाच्या काठावर, माझ्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर. अनवाणी, भेगाळलेले, धूळ बसलेले. आलेले ऐकू आले नव्हते. कुत्रं त्या पायांपाशी येऊन बसलं आणि शेपटी हलवू लागलं.

गाडीचं दार उघडलं; त्याला कुलूप लागतच नाही. आतला खटका ओढल्याचा आवाज झाला. बॉनेट उघडलं आणि इंजिनाच्या फटींतून माझ्या तोंडावर उन्हाचे तुकडे पडले. वर कुणीतरी झाकण फिरवत होतं, सावकाश, सवयीनं. मी ओरडायला हवं होतं. मी पाना छातीशी घट्ट धरला. मग जवसाचा वास आला, आणि थोड्या वेळानं, माझ्या डोळ्यांसमोर, त्या काळ्या धारेला एक पिवळी धार येऊन मिळाली. दोन्ही एकमेकींना चिकटून, न मिसळता, घमेल्यात पडत राहिल्या.

"झालं का गा?" वरून म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला. "किती वेळचा खालीच पडून राहिला."

तो माझ्या पायांशी बोलत होता. बाबांच्या पँटमधल्या.

मी पाय हलवले नाहीत. काठावरचे पाय जाईनात.

"अगा, झालं का?"

मला माहीत नाही मी असं का केलं. कदाचित तो जावा म्हणून. कदाचित कुणी दुसऱ्यांदा विचारल्यावर उत्तर द्यायची सवय म्हणून. मी घसा दाबून म्हणाले, "हो."

वर एक लांब श्वास सुटला. एवढंच.

धार थेंबांवर आल्यावर मी नट घट्ट केला आणि बाहेर आले. म्हातारा काठावर उकिडवा बसला होता. मळकं धोतर, हातात स्टीलची बाटली, तळाशी थोडं पिवळं तेल. मला बघून तो दचकला नाही. माझ्या मागे गाडीखाली बघितलं.

"तो कुठी गेला?"

"कोण, आबाजी?"

"आता तं बोलला."

माझ्या हातातून तेल टपकत होतं. मग मी फार मूर्खासारखं विचारलं, "तेल तुम्ही टाकता का?"

"मंग? मीच टाकतो. नवी आनली तवाच पोरगा बोलला होता, बाबा पहिलं तेल तुह्या हातचं. बंडी कोरडी राहिली का रडते. हे रडत नाही, म्हनून लोकाईले समजत नाही." त्यानं मान हलवली. "तुमच्याइथं कोनी पाजत नसन, म्हनून कापनी झाली तवापासून बाजाराच्या दिवशी येतो. रस्ता मोकळा राहते."

तो त्या ड्रायव्हरचा बाप होता. नहर ओलांडून, दोन किलोमीटर बांधीबांधीनं चालत, दर गुरुवारी.

मी त्याच्यावर रागवायचं ठरवलं होतं, कोण असेल त्याच्यावर. ते झालं नाही. जवसाचं तेल इंजिनात चालत नाही हेही सांगितलं नाही. फिल्टर बदलला, डबा उघडला आणि नवीन तेल ओतायला लागले. तो बाजूला उभा राहून डब्याकडे असा बघत होता, जसं कुणी आपल्या लेकराला परक्याच्या हातून जेवताना बघतं.

डबा संपत आला आणि गल्लीतून आईची हाक आली. नुसतं नाव नाही, किंचाळणं. मी पट्टी घालून बघितली, तेल दोन खुणांच्या मधे होतं. एकदा इंजिन चालू करून, थांबवून पुन्हा बघायचं असतं. तेवढा वेळ नव्हता. आई ताईला धरून खळ्यापर्यंत आली होती, ताईचा परकर भिजला होता. दगड काढले, बॉनेट आपटलं, किल्ली फिरवली. तेलाचा लाल दिवा लागला आणि लागूनच राहिला. मी मोजत होते. सहापर्यंत मोजलं तेव्हा तो विझला.

ताईला मागे बसवलं. पुढचं दार उघडलं गेलं आणि म्हातारा माझ्या शेजारी येऊन बसला, बाटली मांडीवर घेऊन.

"हा म्हातारा कोन?" आई म्हणाली.

"आई, ते..."

"कोनी असो!" ताई ओरडली. "यमराज असन तं बसू दे त्याले! तू चालव!"

रस्त्याला लागल्यावर मी रेल्वे फाटकाकडे वळणार होते. म्हाताऱ्यानं हात वर केला.

"फाटक लागलेलं राहते या वेळेले. नहराच्या काठानं घे, पुलाखालून निघते."

त्या रस्त्यानं मी कधी गेले नव्हते. त्याच्या आवाजात शंका नव्हती, आणि माझ्याकडे शंकेशिवाय काही नव्हतं, म्हणून वळले. नहर कोरडा पडला होता. काठानं एक माणूस नाही, एक बैल नाही. दुपारचं ऊन असूनही तो रस्ता बंद खोलीसारखा वाटत होता. म्हातारा पुढं बघत सांगत होता, "आता हळू, खड्डा हाये," आणि खड्डा यायचा. "डावा घे गा," आणि डावीकडेच वाट निघायची. मला तो 'गा' म्हणत होता, मुलाला म्हणतात तसं. मी प्रत्येक वेळी हुं म्हणत होते. पुलाखालून वर येताना चढावर लाल दिवा लुकलुकला. मी ताईकडे आरशात बघितलं. तिनं डोळे मिटून आईचा हात दातात धरला होता. म्हाताऱ्यानं तळवा समोरच्या प्लास्टिकवर ठेवला आणि बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा दाबून धरला. दिवा विझला. चढावर तेल एका बाजूला जातं आणि सपाटीला परत येतं, म्हणून तो विझतो. हे मला माहीत आहे.

पन्नास मिनिटांत आम्ही दवाखान्यात होतो. ताईला लगेच आत नेलं, पोट उघडावं लागलं. संध्याकाळी पाचच्या सुमारास नर्सनं बाहेर येऊन सांगितलं, मुलगा आहे, दोघं बरे आहेत. आणखी अर्धा तास उशीर झाला असता तर, असं म्हणून तिनं वाक्य सोडून दिलं. बाबा तिरोड्याहून पोचले होते. त्यांनी माझ्या काळ्या हातांकडे बघितलं आणि नळाकडे बोट दाखवलं. आईनं घरून बाळाचे कपडे आणायला सांगितले.

म्हातारा गाडीतच बसून होता. कुणीतरी दिलेला चहा त्याच्या हातात निवला होता.

परतीच्या वाटेवर सूर्य बांध्यांच्या पलीकडे गेला. खोटं बोलणं माझ्याकडून होत नाही, आणि ते एक 'हो' दिवसभर मला टोचत होतं.

"आबाजी," मी म्हणाले, "दुपारी खालून मीच बोलले. तुमचा मुलगा नव्हता."

"मले मालूम हाये."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते समोरच बघत होते.

"आवाज बाईचाच होता. मी काय बहिरा हाये?" ते म्हणाले. "पन तू हो म्हनली ना. वर्ष झालं, मी इचारतो तं कोनी हो बी म्हनत नाही, नाही बी म्हनत नाही."

मग त्यांनी काचेवर बोट आपटलं. "थांबव."

तिथं घर नव्हतं. नहराचा काठ, खाली काळोखात जाणाऱ्या बांध्या, आणि पलीकडे दूर त्यांच्या गावचे दोन-तीन दिवे.

"दारापर्यंत सोडते ना."

"नको. या गाडीचा आवाज ऐकला का सून दारात येते. इकली त्याच्यानंतर हप्ताभर कुठूनही ऐकू आली का येऊन उभी राहे. हातातलं टाकून." ते उतरले. "बंद कर. मी घरी पोचलो का मंग चालू करजो."

मी इंजिन बंद केलं. त्यांचं धोतर थोडा वेळ दोन बांध्यांमधल्या धुऱ्यावरून जाताना दिसलं, मग नाही. इंजिन निवताना टकटक करत राहिलं, बारीक, थांबून थांबून. मी काच वर केली. ते घरी पोचले हे मला कसं कळणार, हे मी विचारलंच नव्हतं.

फोन वाजला. आई होती. बाळाला गुंडाळायला काही नाही, कुठं राहिली, ताई शुद्धीवर आली, तुलाच विचारून राहिली.

"येते," मी म्हणाले.

आणखी शंभर मोजले. मग पन्नास. मग किल्ली फिरवली. त्या मोकळ्या बांध्यांवर इंजिनाचा आवाज इतका लांब जाईल असं मला वाटलं नव्हतं. पलीकडे एका घराचं दार उघडलं आणि उजेडाचा उभा पट्टा अंगणात पडला. त्यात कुणीतरी येऊन उभं राहिलं. मी दिवे न लावताच गाडी वळवली.